आभाळ कुठून सुरू होतं?

या गोष्टीला इतकी वर्षं झाली, की तेव्हा हिरडवाडीच्या शाळेपुढे वड होता हेसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्या शाळेत सुगंधाबाई शिकवायच्या. धीट होत्या म्हणाल, तर अजिबात नाही. दाराला कडी घातली की नाही, या शंकेनं रोज अर्ध्या वाटेतून घरी परत जायच्या. पण एक होतं. एखादा प्रश्न अडला की त्या तो फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायच्या, आणि उत्तर सापडेपर्यंत कुणाला पुसू द्यायच्या नाहीत.

एकदा झिपरी नावाच्या पोरीनं विचारलं, "बाई, आभाळ कुठून सुरू होतं?"

"डोंगराच्या वरून."

"पण माझे बाबा डोंगरावर जाऊन आलेत. ते म्हणतात, तिथनंही वरच दिसतं!"

बाईंनी खडू उचलला. झिपरी शाळा सोडून गेली, तरी तो प्रश्न सात वर्षं कोपऱ्यात होता, असं म्हणतात.

मग दूरच्या शहरात आभाळात पाठवायला माणसं निवडायला सुरुवात झाली. हजारो हुशार लोक जमले, बाईही गेल्या. बाईंना विचारलं, "आभाळाबद्दल काय ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक असतं तर कशाला आले असते?"

निवड त्यांचीच झाली, असं म्हणतात.

पण निघायची वेळ आली, तेव्हा बाईंची लेक ठकी नुकती रांगायला लागली होती. आपण नसताना ही पहिलं पाऊल टाकेल, या धास्तीनं बाईंनी बांधलेलं गाठोडं पुन्हा सोडलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हजार पावलं टाकेल पोर. पहिलं मी बघते, बाकीची तू बघ."

"पहिलंच तर हवंय ना मला!"

"मग लवकर ये की!"

यानात बसल्यावर बाईंनी दाराची कडी तीनदा तपासायला लावली. सगळे हसले. तिसऱ्यांदा कडी सैल निघाली, आणि हसू थांबलं.

वर पोचल्यावर त्या खिडकीला नाक लावून बसल्या. दुधावर साय धरावी तसं निळं आभाळ जमिनीला चिकटलेलं होतं. मधे बोटभरही फट नव्हती.

इकडे ठकी भिंतीला धरून उभी राहायची, दाराकडे बघायची आणि मटकन खाली बसायची. असे चाळीस दिवस. "आईसारखीच शंकेखोर!" सासूबाई म्हणायच्या.

एकेचाळिसाव्या दिवशी बाई अंगणात आल्या. इतके दिवस अधांतरी राहून त्यांचेच पाय लटपटत होते. समोर ठकीचेही लटपटत होते. दोघींनी एकेक पाऊल टाकलं.

बाई मटकन खाली बसल्या. पदराच्या गाठीतून खडू काढून त्यांनी ठकीच्या पावलांभोवती रेघ ओढली. "झिपरीला सांगा," त्या म्हणाल्या, "इथून."

अजूनही हिरडवाडीत मूल पहिल्यांदा उभं राहिलं, की आई त्याच्या पावलांभोवती खडूची रेघ ओढते आणि म्हणते, "इथून आभाळ." आणि शाळेच्या फळ्याचा डावा कोपरा कुणी पुसत नाही. तिथला सगळ्यात जुना प्रश्न असा आहे: त्या दिवशी अंगणात आधी पाऊल कुणी टाकलं?