सभापतींचा भाचा आणि सभापतींचा नातू

नगरपालिकेच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची एकच जागा होती आणि उमेदवार दोन: शिक्षण मंडळाचे सभापती धुमाळ यांचा भाचा, आणि तासिकेवर वर्षानुवर्षं राबलेल्या निर्मला गवारे. दोघांनी आमच्या निवड समितीसमोर वर्गावर पाठ दिला. भाच्याचा साधा भागाकार चुकला, तेव्हा पोरं खुदकन हसली. डॉक्टरेट मिळवलेला मी तज्ज्ञ म्हणून तिथेच बसलो होतो. मी मान खाली घालून टेबलाकडे पाहत राहिलो.

पाठ संपल्यावर सभापती म्हणाले, “तज्ज्ञ काहीही म्हणोत, नेमणूक माझ्या हातात आहे. आमचा पोरगाच घेणार. बाई, तुमचं काही म्हणणं?”

“काही नाही, साहेब. अधिकार तुमचाच. फक्त उद्या तुमच्या नातवाचं नाव यांच्याच वर्गात घाला. म्हणजे गावालाही भरवसा वाटेल.”

“याच्या हाताखाली?” सभापती उसळले. “माझ्या नातवाचं वाटोळं करायचंय का?”

बोलून गेल्यावर त्यांना भान आलं. भाचा आपल्या बुटांकडे पाहू लागला.

“बाईंना घ्या,” सभापती पुटपुटले आणि त्यांची मान खाली गेली. माझी तर मघापासून खालीच होती.