नाळेतला दोर

“मग चूक कशात झाली, आबा? जाड दोर घेण्यात, की तो कप्प्यात भरण्यात?”

तुळशीदासने पायरीवर उभ्या उभ्याच विचारलं. बारकूआबा जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

बारकूआबा पालशेतकर हे खाडीच्या तोंडावरचे जुने तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य. तरुणपणी शिडाच्या गलबतांवर मलबारपर्यंत जाऊन आलेले. आता ते पाण्यावर जात नसत. देवळामागच्या खोलीत एकटे राहत आणि कुणी शिकायला आलं तर शिकवत. तुळशीदास डोर्लेकर त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. आबांचा सगळ्यात हुशार शिष्य आपणच, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

पर्यटकांना फिरवायला त्याने छोटी फायबरची बोट घेतली होती. तिच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, विजेवर चालणारं विंच होतं. बटण दाबलं की खाचेच्या चाकावरून दोर सुटायचा आणि नांगर तळाला जायचा. दुसरं बटण दाबलं की तोच दोर वर येऊन चाकाखालच्या कप्प्यात पडायचा.

दोर घ्यायच्या वेळी त्याचा थोरला चुलतभाऊ जनार्दन बरोबर होता. चाकाच्या खाचेत बरोबर बसेल असा मऊ दोर घेऊ, तो कप्प्यात आपोआप सैल पडतो, असं त्याचं म्हणणं. तुळशीदास हसला. दुकानातला सगळ्यात जाड आणि कडक दोर त्याने उचलला. जेट्टीवर कुणाकडे एवढा जाड दोर नव्हता. तो आपोआप सैल पडेना, म्हणून बोटीवर मदतीला येणारा जनार्दन तो कप्प्यात हाताने भरायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी खडकांजवळ बोटीचं इंजिन बंद पडलं. बोटीत एक कुटुंब होतं, लहान मुलांसकट. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता. तुळशीदासने नांगराचं बटण दाबलं. थोडा दोर सुटला आणि पीळ पडून कप्प्याच्या तोंडाशी अडकला. जनार्दनने तो हाताने मोकळा केला. नांगर लागला, बोट थांबली, माणसं वाचली.

जनार्दनच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र चाकाखाली जाऊन तुटली.

जेट्टीला लागल्यावर लोक जमले. दादाने दोर कप्प्यात कसाही कोंबला होता म्हणून हे झालं, असं तुळशीदासने सगळ्यांदेखत सांगितलं. जनार्दन टॉवेलात गुंडाळलेला हात छातीशी धरून उभा होता. तो काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून लोकांना ते खरं वाटलं.

आबांनाही तुळशीदासने हेच सांगितलं होतं. आता दोर बदलावा की नाही, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

आबांनी जाळं बाजूला ठेवलं.

“चल, बोट दाखव.”

बोट खाडीत शांत पाण्यावर बांधलेली होती; दोघं लहान होडीने तिच्यावर गेले. आबांनी कप्प्याचं झाकण उघडलं. आतून कुबट वास आला. दोर खारट पाण्याने भिजला, तसाच आत पडून राहिला, आणि मिठाने काठीसारखा ताठ झाला होता. त्याला गोडं पाणी कधी दाखवलंच नव्हतं. आबांनी सगळा दोर बाहेर ओढून फळ्यांवर पसरला.

“आता तू भर. भरायला हवा तसा.”

तुळशीदासला हे आवडलं. हातोटी दाखवायची ही संधीच होती. उन्हात वाकून त्याने एकेक वेढा काळजीने लावला, पीळ काढला, पुन्हा लावला. घाम पुसून तो बाजूला झाला तेव्हा आबांनी आत डोकावून पाहिलं.

“छान भरलास.”

तुळशीदासच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

“सोड आता.”

त्याने बटण दाबलं. चाक फिरलं, थोडा दोर गेला... आणि धाडकन अडकला. एक ताठ वेढा कप्प्याच्या तोंडाशी उभा राहिला होता. त्याच जागी.

तुळशीदास त्या वेढ्याकडे बघत राहिला. विंच घरघरत होतं.

“म्हणजे... कुणीही भरला असता तरी...”

आबा खाली वाकले आणि त्यांनी कप्प्याच्या तोंडाशी हात घातला.

तुळशीदासने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

“आबा, हात नको.”

“का?”

“दोर सुटला तर चाक हात ओढून घेईल.”

“तुला ठाऊक आहे हे?”

“हो.”

आबांनी हात काढला नाही. ते त्याच्याकडे बघत होते.

“त्या दिवशीही ठाऊक होतं?”

...

तुळशीदासने बटण बंद केलं. विंच थांबलं. पाणी बोटीच्या अंगाला लागत होतं, तेवढाच आवाज उरला.

तो खाली बघत म्हणाला, “मीच सांगितलं त्याला. दादा, हात घाल म्हणून. आणि बटण चालूच ठेवलं.”

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. जनार्दनने कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी हात बाहेर घेतला.

“दोराचं मग बघू,” ते म्हणाले आणि होडीत उतरून काठाकडे निघून गेले.

संध्याकाळी तुळशीदास जनार्दनच्या घरी गेला. जनार्दन पडवीत बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायला शिकत होता. वहिनीने तुळशीदासला पाहिलं आणि ती आत गेली. वाटेत जुळवून ठेवलेले शब्द त्याला आठवेनात. त्याने दादाच्या पायाला हात लावला आणि तिथेच बसून राहिला.

जनार्दनने त्याला ऊठ म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

“त्या वेळी तुला दुसरं काही सुचलं नसेल,” तो शेवटी म्हणाला. “मलाही सुचलं नव्हतं. पण जेट्टीवर तर सगळं आटोपलं होतं, तुळशी. तिथे खोटं कशाला बोललास?”



दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीचा लिलाव आटोपल्यावर तुळशीदास जेट्टीवर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. दोर आपण निवडला, तो धुतला-वाळवला नाही आपणच, हात घालायला सांगितलं आपण, आणि खोटं बोललोही आपणच. बायका टोपल्या उचलता उचलता थांबल्या. ज्याच्याशी तो रोज चहा प्यायचा त्याने तोंड फिरवलं आणि तो बर्फाच्या गाडीकडे चालू लागला.

मग दोन्ही भाऊ दोर आणायला गेले. या वेळी निवड जनार्दनने केली. आठ पेडांचा, हातात घेतला की सहज मुडपणारा, चाकाच्या खाचेत नीट बसणारा. त्याचं एक टोक नांगराच्या साखळीत विणून घेतलं आणि दुसरं कप्प्यातल्या कडीला पक्कं बांधलं. कप्प्याला तळाशी पाणी जायला भोक पाडलं. रोज काम संपलं की तुळशीदास दोरावर गोडं पाणी ओतायचा आणि वाळल्यावरच तो आत सोडायचा. दोर पुन्हा अडकला नाही.

होळीच्या सुमारास तो आबांकडे आला. आबांनी त्याला बसायला चटई सरकवली.

तो म्हणाला की दादा पुन्हा बोटीवर यायला लागलाय, वहिनीही आता चहा देते, लोक तर सगळं विसरलेत. पण दादा डाव्या हाताने दोर धरतो तेव्हा आपल्याला त्याच्याकडे बघवत नाही. वर मान करून बोलता येत नाही.

“सगळ्यांनी माफ केलं, आबा. तरी ही लाज जात नाही. कधी जाईल?”

आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“जाईल त्या दिवशी बोट विकून टाक.”