सालूच्या दारातली सहाण

निवेखोलच्या वाटेवर वळणापाशी हा चिऱ्याचा चौथरा दिसतो ना, ती आमची सहाण. पालखी टेकवायची जागा. एरवी सहाण देवळासमोर असते, ही मात्र एका पडक्या झोपडीच्या जोत्यापुढे आहे. पाहुणे हमखास विचारतात, इथे कुठल्या देवाचं ठाणं? कुठल्याच देवाचं नाही. इथे एक सुईण राहायची.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावात विसाजी खोत होता म्हणे. माणूस वाईट नव्हता, पण मान ताठ. त्याची आधीची मुलं पाळण्यातच गेलेली. त्या साली बायको पुन्हा अडली, तेव्हा सालू सुईण आली. बाळ जन्मलं ते निळं पडलेलं, हूं की चूं नाही. घरातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सालूने त्याच्या तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, फुंकर घातली. हात भरून आले तरी ती थांबली नाही. शेवटी पोर रडलं.

विसाजी धावला तो थेट देवळात. देवीला चांदीचा मुखवटा केला, गावजेवण घातलं. सालूकडे सूपभर तांदूळ आणि लुगडं पोचतं झालं, तेही गड्याच्या हाती. रीत पुरी झाली असं त्याला वाटलं. त्यात बोलायचं काय? सुईणीचं कामच ते.

शिमग्यात देवी खोताच्या अंगणात येईल आणि बाळाला तिच्या पायाशी घालायचं, असं ठरलं होतं. तोवर त्याला उंबऱ्याबाहेरही काढलं नव्हतं. पालखीचा पुढचा दांडा विसाजीने स्वतःच्या खांद्यावर घेतला. देवळातून निघालेली पालखी वळणावर सालूच्या दारात आली आणि जड झाली. इतकी जड, की खाली ठेवावी लागली, ती पुन्हा उचलेना. नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, माणसं बदलून पाहिली. ऊन कलायला लागलं. विसाजीच्या मनात यायला लागलं, देवी घरी येत नाही, म्हणजे हेही पोर परत मागते की काय?

सालू आपल्या दाराशी उभी होती. सोहळ्याला विटाळ नको म्हणून जरा लांबच. तिने तिथूनच पोराची विचारपूस केली, "खोतानू, झील बरो आसा मां?"

तेव्हा कुठे विसाजीच्या ध्यानात आलं, असं सांगतात. देवीशी तो इतक्यांदा बोलला होता, आणि जिच्या हातांनी पोर जगलं तिच्याशी त्या दिवसापासून एकदाही नाही. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"सालूबाय, तुझ्या हातान माझो झील जगलो. मी तुका एक शब्द बोललंय नाय." आणि गावादेखत खोत रडला.

"येवढ्यासाठी आवशीक उन्हात उभी केलात?" सालू पालखीतल्या आईकडे बघत म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

माणसांनी दांड्याला हात घातला. पालखी हलली, उचलेना मात्र. मग विसाजी आपली मानाची जागा सोडून बाजूला झाला आणि त्याने सालूला तिथे बोलावलं. कुणी कुरकुरलं म्हणे, त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सालूने खांदा दिला आणि पालखी रिकाम्या टोपलीसारखी वर आली. खोताच्या अंगणात बाळाला देवीच्या पायाशी निजवलं ते सालूनेच.

आजही शिमग्यात पालखी इथे टेकते. इथे देवीकडे काही मागत नाहीत. ज्याने आपलं काही केलं असेल त्याला गर्दीतून हाक मारायची, काय केलं ते सगळ्यांदेखत सांगायचं आणि दांडा त्याच्या खांद्यावर द्यायचा. पडत्या पावसात आपली गुरं आणून बांधणारा शेजारी असो, नाहीतर आजारपणात पेज धाडणारी कुणी. म्हणून आमच्याकडची माणसं वर्षभर मनात घोळवत असतात, यंदा हाक कुणाला मारायची.

गेल्या साली म्हाताऱ्या धोंडू परबाने आपल्या बायकोलाच हाक मारली. "जल्मभर रांधून वाढलान," एवढंच त्याला सांगता आलं. ती लाजून पुढे येईना. पालखी थांबली, ढोल थांबले, सारा गाव थांबला. शेवटी म्हातारीने पदर खोचला आणि ती दांड्यापाशी आली.