रवळोजीने चाललेली शीव

चपला तिथेच काढा. हो, धक्क्यावरसुद्धा. पाणी नाही म्हणून काय झालं, बंदर ते बंदर. हे जांभ्याचे चिरे बघा, गलबतांचे दोर घासून पडलेल्या या खाचा बघा. आणि समोर काय? भातशेत. शहरातली माणसं येतात नि हसतात, म्हणतात, या लोकांनी बंदर बांधलं आणि नदी आणायची विसरले. हसा बापडे. मी इथल्या सातेरी देवीची गुरवीण. सासूने मला सांगितलं तेच तुम्हाला सांगते, पटलं तर घ्या.

नदी तेव्हा या धक्क्याला लागून वाहायची म्हणे. आमचं आडबंदर गाव लहान, पण फार जुनं. अरबांची गलबतं यायची, खजूर उतरवायची, मिरी भरून न्यायची. नदीच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा, आणि नदी हीच दोघांची शीव. भांडण होतं ते मधल्या जुव्याचं, म्हणजे नदीतल्या बेटाचं. धक्का आणि जुवा यांच्यामध्ये खोल पाणी होतं. जुव्याच्या पलीकडे नुसता चिखलाचा ओहळ, ओहोटीला बायका घोटे न भिजवता ये-जा करायच्या. आता खरी नदी कोणती म्हणायची? खोल पाणी धरलं तर जुवा पलीकडच्यांचा, ओहळ धरला तर आमचा. गलबतं वाऱ्यापासून जुव्याच्याच आडोशाला थांबायची, म्हणून जुवा ज्याचा त्याचंच बंदर.

शेवटी दोन्ही राजांनी ठरवलं की आडबंदरच्या गावकराने, म्हणजे गावच्या पहिल्या मानकऱ्याने, शीव चालून दाखवावी. गावकर होता रवळोजी. रीत अशी, की आंघोळ करून ओलेत्याने सातेरीच्या वारुळाची माती डोक्यावर घ्यायची आणि जिथून शीव आहे तिथून चालायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. जो खोटं चालेल त्याच्या कुळावर देवीचा कोप.

रवळोजीला खरं काय ते ठाऊक होतं. जुवा पलीकडच्यांचा, हे त्याला त्याच्या बापानेच सांगितलेलं. आणि त्याची एकुलती एक लेक देवकू, तीही त्याच जुव्यावर दिलेली. ओहळाच्या काठाला तिचं घर. पण सगळा गाव त्याच्या मागे लागला. बंदर गेलं तर आम्ही काय माती खायची, म्हणाले. रवळोजी वाईट माणूस नव्हता हो. पण त्याने अक्कल चालवली, आणि देवापुढे माणसाने अक्कल चालवू नये. तो म्हणाला, बायको गेली, मुलगा नाही. मी पिकलं पान, आज ना उद्या गळणारच. देवकूचं कन्यादान केलं, हातावरून पाणी सोडलं, तिचं गोत्र बदललं, ती आता दुसऱ्याच्या कुळातली. मग कोप व्हायला माझ्या कुळात उरलंय कोण? मीच ना? होऊ दे.

काय म्हणावं अशा बापाला! स्वतः मरायला तयार होता, म्हणून त्याला वाटलं आपण फार मोठं काही करतोय.

भर दुपारची ओहोटी होती. माती डोक्यावर घेऊन रवळोजी जुव्याला वळसा घालून ओहळात उतरला आणि चिखलातून चालू लागला. आमचे पंच काठाने, थोडं अंतर ठेवून मागोमाग. त्यांनी काय बघितलं? रवळोजीचं पाऊल उचललं की त्या पावलात पाणी भरत होतं. ओहोटीचं पाणी खाली जायचं, ते वर येत होतं. एक पाऊल भरलं की दुसऱ्याला मिळत होतं. पंच सगळं बघत होते. पण त्यांच्यातलं कोणी बोललं तर चाल मोडते, आणि चाल मोडली तर जुवा जातो. सगळे मूग गिळून चालत राहिले. त्यात आमच्या घरचाही एक होता, असं सासू सांगायची. मला अजून राग येतो.

वाट देवकूच्या अंगणातून गेली. ती दारात होती. तिने बापाला बघितलं आणि बापामागचं पाणी बघितलं. धावत येऊन तिने त्याच्या धोतराचा सोगा धरला. "बाबानू, मागे बघा! तुमच्या पाठसून पाणी येता!"

रवळोजीला वाटलं, पोर सासरच्यांच्या बाजूने बोलतेय, आपल्याला वळायला लावतेय. त्याने सोगा हिसकून सोडवला. सासरची माणसं माडांकडे उंचावर पळाली, तिलाही बोलावत होती. ती गेली नाही. बापाला हाका मारत त्याच्या मागोमाग चालत राहिली, म्हणजे नेमकी त्या पावलांवरूनच. थोडा वेळ हाका ऐकू आल्या. मग थांबल्या. बरं झालं, रवळोजीच्या मनात आलं, दमली असेल, गेली घरी.

ओहळ संपला तिथे त्याने माती खाली ठेवली आणि वळला. समोर काठोकाठ नदी होती. इकडे धक्क्याशी गलबतं चिखलात कलंडून पडलेली. तो चालला तिथूनच नदी निघाली होती, घर नाही, अंगण नाही. जुवा आमचा झाला. तुमच्या समोरच्या या भातशेताच्या पलीकडे माडांची रांग दिसते ना, तोच.

रवळोजी सातेरीपुढे जाऊन आडवा पडला, असं सांगतात. "कोप माझ्या कुळावर करायचा होतास, देवी! ती माझ्या कुळातली नव्हती. तिला मी देऊन टाकली होती!"

गुरवाच्या अंगात देवी आली. म्हणाली, "देऊन टाकलेली मी नेली, तर तुझं काय गेलं? मग रडतोस कशाला?"

रवळोजी पुढे किती जगला, कोणी सांगत नाही.

आजही आडबंदरात कन्यादान होत नाही. बाहेरगावचे भटजी कुरकुर करतात, करोत. वरात निघाली की बाप लेकीचा हात धरून नव्या काठापर्यंत जातो आणि व्याह्यांकडे नाही, नदीकडे तोंड करून सांगतो, "ही माझी आहे. नांदायला चाललीय, दिलेली नाही." एकदा सांगून भागत नाही. तिला ऐकू गेलं असं वाटेपर्यंत सांगतो.