डुलणारा ओळंबा

फार वर्षांपूर्वी, कामं सावकाश आणि भिंती जाडजूड असायच्या त्या काळी, रखमाजी गवंड्याच्या पिशवीत एक थापी आणि भिंतीचा सरळपणा दाखवणारा, दोरीला बांधलेला एक ओळंबा राहायचे. थापी मोठी तरतरीत. भिंत दिसली रे दिसली की म्हणायची, "सरळ आहे, लाव पुढची वीट!" ओळंब्याला विचारलं, तर तो दोरीला लटकून कितीतरी वेळ इकडून तिकडे नुसता डुलत राहायचा.

"याला स्वतःलाच कळत नाही, हा बावळट काय सांगणार!" थापी हसायची. रखमाजी मात्र ओळंबा थांबेपर्यंत हातात वीट धरून उभा राहायचा.

एकदा शेवंताबाईंच्या गोठ्याची भिंत चालली होती. "गवंडीदादा, उद्या गाई बांधायच्यात," बाई सारख्या सांगत होत्या. ओळंबा डुलतच होता.

"मी सांगते ना, सरळ आहे!" थापी म्हणाली.

रखमाजीने ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला. भिंत भराभर माणूसभर चढली आणि दिवस मावळायच्या आत धाडकन आडवी झाली. रखमाजी थोडक्यात वाचला. त्या ढिगाऱ्यात पडल्या पडल्या थापीने पहिल्यांदाच पिशवीतल्या ओळंब्याकडे नीट पाहिलं.

आता रखमाजी नाही, ओळंबाही कुठे हरवला. गंजलेली थापी खुंटीला टांगलेली असते. नवी हत्यारं कधी विचारतात, "आजी, तुमच्यात शहाणं कोण होतं?"

उत्तर तिला तोंडपाठ आहे. तरीही ती आधी खुंटीवर थोडी इकडे, थोडी तिकडे डुलते. मग थांबते, आणि सांगते.