गळका हौद

फार पूर्वी, घर भाड्यानं देताना कागद होत नसे. पाटलासमोर सुपारी फोडली की करार पक्का, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात एका कुंभारानं एका मालकिणीचं घर असंच घेतलं. घराच्या भिंतीला लागून पाण्याचा हौद होता. हौद भरायचा कुंभारानं आणि डागडुजी करायची मालकिणीनं, असं ठरलं.

चैत्रात हौदाला चीर पडली. पाणी भिंतीकडे झिरपू लागलं. कुंभार मालकिणीच्या दारात गेला.

"मालकीणबाई, हौद गळतोय. डागडुजी तुमच्याकडे."

"गळत नसेल हो, कुंभारदादा, तुम्हीच काठोकाठ भरत असाल. भरणं तुमच्याकडे," मालकीण म्हणाली आणि गहू निवडू लागली.

कुंभार तणतणत घरी आला. बायको म्हणाली, "अहो, मूठभर चिकणमाती आणि राख घेऊन लिंपून टाका की! तुमचं तर रोजचंच काम."

"लिंपीन मी, आणि उद्या छप्परही माझ्याच गळ्यात पडेल. करार म्हणजे करार!"

मग गळलेलं पाणी भरून काढायला तो रोज नदीवरून चार घागरी जास्त आणू लागला. मान अवघडली, खांदे सोलले, पण आपण बरोबर आहोत या समाधानात त्याला झोप छान लागे. तिकडे मालकीणही येता-जाता ओली भिंत बघे आणि नाक मुरडून पुढे जाई.

अक्षय्य तृतीया जवळ आली. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाणी भरून ठेवायला घरोघरी केळी, म्हणजे मातीची छोटी घागर, लागते. कुंभारानं गावासाठी दोनशे केळ्या घडवल्या आणि घरात सावलीला वाळत मांडल्या. वर्षाची सगळी भिस्त त्यांच्यावरच होती. दोन दिवसांनी भट्टी लावायची होती.

पण दुसऱ्याच दिवशी, तो आणि बायको नदीवर गेले असताना भिंत बसली. हौदही फुटला. परत येऊन बघतो तर कच्च्या केळ्यांचा नुसता चिखल झाला होता. मालकीण धावत आली. घराचा एक कोपराच खचला होता.

पाटील आले, तेव्हा दोघांची जुंपली होती.

"डागडुजी हिच्याकडे होती!"

"भरणं याच्याकडे होतं!"

पाटलांनी दोघांचं ऐकून घेतलं. "सुपारी माझ्यासमोरच फुटली आहे. तुम्ही दोघंही बरोबर आहात," ते म्हणाले. "आता दोघं बरोबर मिळून हा ढिगारा उपसा."

गावानं शेजारच्या गावातून केळ्यांची गाडी मागवली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तृतीयेच्या सकाळी कुंभारही त्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

विकणारा कुंभार हसला. "काय रे, आपल्या जातीचा माणूस आणि केळी विकत घेतोस?"

कुंभाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांच्या नावानं ठेवायला त्यानं एक केळी उचलली आणि मान खाली घालून घरी निघाला.

तात्पर्य: दुरुस्ती कोणाची, हा वाद मागाहूनही मिटतो, गळती मात्र ज्याला आधी दिसेल त्यानं आधी थांबवावी.