बर्फाखालची लाट

कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे जमिनीपेक्षा पाणी अधिक आहे आणि वर्षातला बराच काळ ते पाणीही दगडासारखे घट्ट असते, तिथे एकदा एका वृद्ध नकाशाकाराच्या स्वयंपाकघरात सकाळचा चहा उकळत होता. त्याची शिष्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती. त्या खाणप्रदेशाचा इतिहास आणि भूगोल शिकायला ती त्याच्याकडे राहिली होती. तिचा धाकटा भाऊ सरोवरापलीकडच्या खाणीत कामाला होता.

"आजोबा, हेही 'लांब सरोवर' आणि तेही 'लांब सरोवर'? नावं ठेवणाऱ्यांना दुसरं काही सुचलंच नाही का?"

"सोनं शोधायला आलेली माणसं ती. मान खाली घालून चालायची. सरोवर लांब आहे एवढं दिसलं, हेच पुष्कळ झालं."

ती हसत असतानाच फळीवरचा वायरलेस बोलू लागला. खाणीत छत कोसळले होते. जखमींना बाहेर काढले होते, आणि त्यांत तिच्या भावाचे नाव होते. तो शुद्धीवर होता, पण त्याला हलवता येण्यासारखे नव्हते. बहिणीला बोलवा, एवढेच तो म्हणत होता.

चहा तसाच राहिला. वृद्धाने कोट चढवला आणि गाडी काढली.

खाणीला जायचा उन्हाळ्यातला मार्ग म्हणजे विमान आणि हिवाळ्यातला मार्ग म्हणजे गोठलेले सरोवर. बर्फावरून आखलेला तो रस्ता एखाद्या नदीच्या पात्राइतका रुंद होता. वृद्धाने गाडी त्यावर घातली ती अगदी बैलगाडीच्या चालीने. खालून बर्फ कडाकड वाजत होता, आणि प्रत्येक आवाजासरशी शिष्या खाली पाहत होती.

"वाजू दे," वृद्ध म्हणाला. "वाजतोय तोवर घट्ट आहे."

"मला बर्फाची भीती नाही वाटत, आजोबा. तुमच्या वेगाची वाटते. जरा दाबा की!"

त्याने वेग वाढवला नाही. सरोवराच्या मध्यावर एक खडकाळ बेट होते. तिथे पोहोचतात तोच गाडीतल्या वायरलेसवर निरोप आला: दोन जखमींना घेऊन खाणीची गाडी गावातल्या दवाखान्याकडे निघाली आहे, बर्फावर उतरली आहे. वृद्धाने आपली गाडी बेटावरच्या दगडावर चढवली, इंजिन बंद केले आणि किल्ली खिशात टाकली.

"हे काय?"

"थांबायचं."

"एवढा रुंद रस्ता आहे! त्यांनी त्या कडेने जावं, आपण या कडेने."

"थांबायचं, पोरी."

दुरून दिवे दिसू लागले. ती गाडीही मुंगीच्या पावलाने येत होती. शिष्येचा जीव टांगणीला लागला होता. ती खाली उतरली, चार पावले बर्फावर चालून गेली, वाऱ्याने तोंड भाजून निघाले तशी परत आली. अखेर ती गाडी बेटाजवळून गेली. आत पांढऱ्या कपड्यातली एक बाई कुणाच्या तरी डोक्यावर ओणवी झालेली दिसली, एवढेच.

"गेले ते! आता तरी चला."

वृद्ध जागचा हलला नाही. समोरचा रस्ता मोकळा होता, आणि हा म्हातारा आरशातून मागे सरकणारे दिवे पाहत बसला होता.

"तुमचा भाऊ असता तर बसला असतात असे?" ती ओरडली. "नकाशे काढून काढून तुम्हीसुद्धा कागदाचे झाला आहात!"

त्याने ते ऐकून घेतले. मागची गाडी गावाच्या किनाऱ्याला लागल्याचा निरोप येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने किल्ली फिरवली, आणि उरलेले सरोवर त्याच संथ चालीने पार केले.

ते खाणीवर पोहोचले तेव्हा भावाचा हात अजून कोमट होता. परिचारिका म्हणाली, "आत्ताच गेला हो."

शिष्या बराच वेळ त्याच्याजवळ बसली. मग बाहेर येऊन तिने वृद्धाला एकच विचारले, "थांबलो नसतो तर?"

"तर कदाचित तो तुला भेटला असता," वृद्ध म्हणाला. "हे मी तुझ्यापासून लपवणार नाही." त्याने सरोवराकडे बोट केले. "गाडी बर्फावरून चालली की खालच्या पाण्यात लाट उठते; हळू चाललं तर लहान, पण उठतेच. ती पुढे जाते, तशी मागेही जाते. आपल्याला ती दिसत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तिथे ती उसळते आणि बर्फ फोडते. खाणीच्या पहिल्या वर्षांत इथे दोन कंपन्यांचे ट्रॅक्टर शर्यत लावून निघाले होते. जो धावला तो सुखरूप पोहोचला. जो काठाजवळ विसाव्याला थांबला होता, तो माणसांसकट पाण्यात गेला. नकाशावर या सरोवराला धावणाऱ्याचं नाव आहे. इथले मूळचे लोक मात्र याला 'हळू चालायचं पाणी' म्हणत आले, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. पोरी, काळजीलाही वजन असतं. आपण आपल्या माणसाकडे धाव घेतो, तेव्हा आपल्या पायाखालची लाट दुसऱ्या कुणाच्या पायाखाली जाऊन फुटते. त्या गाडीतही कुणाचे तरी भाऊच होते."

आतून कुणीतरी वायरलेस मोठा केला. त्या गाडीतल्या दोघांवर उपचार सुरू झाले होते, दोघेही वाचतील असे डॉक्टर म्हणत होते. शिष्येने ते शेवटपर्यंत ऐकले आणि मान हलवली. वृद्धाने पुढे केलेला हात तिने धरला.

भावाला तिला काय सांगायचे होते, ते ऐकायचे राहून गेले.